मारलवाईचा अभ्यासक आणि जमिनीचा प्रश्न

दारिद्र्याचा अभ्यास म्हणजे गरिबांची मोजदाद, ही समजूत सर्वत्र आढळते. क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांचे आदिलाबादविषयक लेखन तिला छेद देते. म्हणून त्याचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१९४० मध्ये जोडेघाट येथे कुमराम भीम निजामाच्या पोलिसांकडून मारले गेले. राखीव जंगलाच्या हद्दींमुळे गोंड व कोलाम यांची वहिवाट बुडाली, हे त्या उठावाचे एक मूळ होते. त्याची कारणे शोधण्याचे काम निजाम सरकारने या ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञाकडे सोपविले. पत्नी बेटी यांच्यासह ते मारलवाईस राहिले. तेथे १९४३ मध्ये गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र निघाले आणि देवनागरीतून गोंडी वाचनपुस्तके तयार झाली.

त्यांच्या १९४८ च्या ग्रंथात गोंडांच्या पुराणकथा व विधी यांना प्राधान्य आहे. जमिनीचे प्रश्न मुख्यतः सरकारी अहवालांत राहिले. ही फारकत आम्हांस खटकते. देवकार्य करणारा गोंड आणि सावकाराच्या दारी उभा असलेला गोंड ही दोन माणसे नव्हेत. पुढे त्याच गावांत परतून त्यांनी १९८२ च्या 'ट्राइब्स ऑफ इंडिया' या ग्रंथात ही उणीव बरीचशी भरून काढली. पूर्वीची माहिती हाती असल्यामुळेच कोणाची जमीन कोणाकडे गेली, हे त्यांना दाखविता आले. अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगर-आदिवासींकडे जाऊ नये, असा निर्बंध १९७० मध्ये कडक झाला होता. तरी कायदा आणि शेताचा बांध यांतील अंतर मिटले नाही. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्ली येथे गोंडांच्या मेळाव्यावर गोळीबार झाला, त्यामागेही जमिनीचाच प्रश्न होता.

तथापि दारिद्र्याचे कारण बाहेरून आलेल्यांत शोधताना, गोंड समाजातील पाटील आणि सामान्य कुळे, गोंड आणि त्यांचे परधान, यांच्यातील विषमतेची चिकित्सा आमच्या मते अपुरी राहते.

मराठी वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. या जमिनी घेणाऱ्यांत तेलुगू भाषकांप्रमाणे मराठी भाषकही होते. तेव्हा हे ग्रंथ परक्यांची हकीकत म्हणून वाचणे आपणांस शक्य नाही. दारिद्र्य हा गरिबाचा गुणधर्म नसून दोन पक्षांतील संबंध आहे, आणि त्यांतील दुसरा पक्ष कधी आपणही असतो. वस्तीत पाहणीस जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी झोपडीतील भांडी मोजण्यापूर्वी सात-बारा कोणाच्या नावे आहे, हे अवश्य विचारावे.