एलिनॉर कॉबमवरील चेटकाचा आरोप आणि शेक्सपिअरचे नाटक

शेक्सपिअरच्या 'हेन्री सहावा' या नाट्यत्रयीच्या दुसऱ्या भागात ग्लॉस्टरची डचेस एलिनॉर आणि राणी मार्गारेट यांचे वैर प्रारंभीच लक्ष वेधून घेते. राणी भर दरबारात तिच्या थोबाडीत मारते, हा प्रसंग रंगमंचावर परिणामकारक ठरतो. इतिहासात मात्र तो घडणे शक्यच नव्हते. एलिनॉरला शिक्षा झाली १४४१ मध्ये. मार्गारेट इंग्लंडमध्ये आली ती १४४५ मध्ये. नाटककाराने कालक्रम पाळलाच पाहिजे, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. तथापि या बदलामुळे चेटकाच्या आरोपाचे स्वरूपच पालटते काय, हा प्रश्न उरतो.

मूळ प्रकरण गादीच्या वारशाचे होते. बेडफर्डचा ड्यूक १४३५ मध्ये मरण पावल्यावर निपुत्रिक राजाचा निकटतम वारस ठरला तो त्याचा काका हम्फ्री, म्हणजेच एलिनॉरचा पती. त्याच्यावर थेट हात टाकणे विरोधकांना अवघड होते. एका नाइटची मुलगी असलेली आणि हम्फ्रीच्या पहिल्या पत्नीच्या परिवारातून वर आलेली एलिनॉर हे त्यापेक्षा सोपे लक्ष्य होते. रॉजर बोलिंगब्रोक व टॉमस साउदवेल या विद्वान धर्मोपदेशकांनी तिच्यासाठी राजाच्या मृत्यूचे भाकीत वर्तवल्याचा आरोप ठेवण्यात आला. ज्योतिष त्या काळी दरबारात निषिद्ध नव्हते. पत्रिका कोणाची पाहिली, यावर सारे अवलंबून होते. याच राजघराण्यात १४१९ मध्ये पाचव्या हेन्रीची सावत्र आई जोन ऑफ नव्हार हिच्यावरही असाच आरोप झाला. तिच्यावर खटला कधीच चालला नाही. तिचे उत्पन्न मात्र तत्काळ जप्त झाले.

शेक्सपिअरला हे राजकारण दिसत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एलिनॉरला जाळ्यात ओढणारा ह्यूम हा कार्डिनल आणि सफोक यांचा पैसा खाल्लेला माणूस आहे, हे नाटक स्पष्टच सांगते. परंतु त्याच नाटकात पिशाच्च खरोखर प्रकट होते आणि त्याची भाकिते पुढे खरीही ठरतात. परिणामी आरोपाविषयी शंकेला जागाच उरत नाही. मार्जरी जोर्डमेनकडून आपण औषधी घेतली ती पतीपासून मूल व्हावे म्हणून, हे एलिनॉरचे म्हणणे तर नाटकात कोठेच नाही. वारस देऊ न शकलेल्या स्त्रीची ही व्यथा नाट्यदृष्ट्याही मोलाची होती. तिच्या जागी निव्वळ महत्त्वाकांक्षा आली, आणि हेच या व्यक्तिरेखेचे खरे नुकसान होय.

प्रायश्चित्ताचा प्रवेश मात्र निःसंशय श्रेष्ठ आहे. हाती मेणबत्ती घेऊन अनवाणी चालणारी एलिनॉर पतीला त्याच्या शत्रूंविषयी सावध करते आणि आपण निर्दोष असल्याने सुरक्षित आहोत असे समजणारा हम्फ्री तिचे ऐकत नाही. ज्या स्त्रीला भविष्य जाणून घेण्याच्या इच्छेसाठी शिक्षा झाली, तीच येथे कोणत्याही पिशाच्चाविना अचूक भविष्य सांगते.

मार्जरीच्या वाट्याला असा प्रवेश येत नाही. उच्चकुलीन म्हणून एलिनॉरला जीवदान आणि मार्जरीला स्मिथफील्ड येथे अग्नी, असा निवाडा नाटकातील राजा एका दमात देऊन टाकतो. प्रत्यक्षातही २७ ऑक्टोबर १४४१ रोजी तेथेच तिला जाळण्यात आले. हम्फ्री १४४७ मध्ये कैदेत मरण पावला. एलिनॉर त्यानंतरही पाच वर्षे बंदिवासात जगली आणि १४५२ मध्ये वेल्समधील बोमारिसच्या किल्ल्यात वारली.