जालन्याचा शाप व जांबचा प्रसाद : साक्षीचें एकच माप

शास्त्र आणि धर्म यांचा वाद चालला असतां सत्याची जी हानि होते, ती केवळ श्रद्धेनें होत नाहीं आणि केवळ अश्रद्धेनेंहि होत नाहीं. माप बदलल्यानें होते. आपल्या साधुपुरुषाची कथा आली कीं भक्तीचें माप काढावयाचें आणि परक्याच्या साधुपुरुषाची आली कीं तर्काचें, ही आमच्या चर्चेची जुनी खोड आहे. तिची परीक्षा पाहण्यास जालना जिल्ह्याइतकें सोईचें स्थळ क्वचितच सांपडेल. कारण या एका जिल्ह्यांत एका फकिराच्या शापाची व एका समर्थाच्या प्रसादाची, अशा दोन्ही कथा नांदत आहेत.

पहिली कथा खुद्द जालना शहराची. इ. स. १६७९ च्या नोव्हेंबरांत, दिलेरखान विजापुरावर चालून गेला असतां, शिवाजी महाराजांनीं मोंगली मुलुखांत शिरून जालना लुटलें. खाफीखान आपल्या ‘मुन्तखब-उल्-लुबाब’ या फारसी ग्रंथांत सांगतो, त्याचा मथितार्थ असा: शहरांतील सधन मंडळी सय्यद जान महंमद या फकिराच्या आश्रयास गेली, लष्करानें तेथें शिरून त्यांस लुटलें, फकिरासहि उपद्रव दिला, आणि त्याच्या शापानें महाराजांचा अंत झाला. या सत्पुरुषास लोक जानुल्लाशहा म्हणतात. त्यांचा दर्गा जालन्यांत आहे. महाराज ३ एप्रिल १६८० रोजीं रायगडीं निवर्तले. लूट व निधन यांत सुमारें साडेचार महिन्यांचें अंतर आहे.

खाफीखान त्या प्रसंगानंतर सुमारें अर्ध्या शतकानें लिहीत होता, आणि महाराजांविषयीं त्याची लेखणी शुद्ध नाहीं. त्यांच्या निधनाचा काल दर्शविण्यास त्यानें जें वाक्य रचलें तें निंदेचें आहे. तथापि मशिदी, कुराण व स्त्रिया यांस उपसर्ग होऊं नये असा महाराजांचा नियम होता, हेंहि तोच लिहितो. द्वेष्ट्याच्या तोंडची स्तुति विशेष विश्वसनीय, असें म्हणून हा उतारा आम्ही आनंदानें पुढें करतों. करावाच. पण त्याच ग्रंथांतील जालन्याचें पान आलें कीं ‘हा तर शत्रु’ असें म्हणून तें उलटून टाकणें हा न्याय नव्हे. द्वेष्ट्याची निंदा केवळ निंदा म्हणून खोटी ठरत नाहीं. तिला दुसरा आधार मागावा, इतकेंच.

वस्तुतः या उताऱ्यांत तीन निरनिराळीं विधानें आहेत, आणि वादी-प्रतिवादी दोघेहि त्यांची मोट बांधतात. जालना लुटलें गेलें, हें पहिलें विधान. त्यास आमच्याच कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीचा दुजोरा आहे. लष्करानें फकिराच्या आश्रमाची मर्यादा मोडली, हें दुसरें. तें शक्य कोटींतील आहे आणि सामान्य ऐतिहासिक पुराव्यानें सिद्ध किंवा असिद्ध व्हावयाचें आहे. शापामुळें मृत्यु आला, हें तिसरें; तें कोणत्याहि दप्तराच्या कक्षेंत येत नाहीं. तिसरें अग्राह्य म्हणून दुसरें खोटें, असें बुद्धिवादी म्हणतो. पहिलें सिद्ध म्हणून तिसरेंहि खरें, असें भाविक म्हणतो. दोघांचाहि हेत्वाभास एकाच जातीचा आहे.

मृत्यूच्या कारणाविषयीं लेख काय म्हणतात? सभासद ज्वर सांगतो. मुंबईच्या इंग्रजांच्या २८ एप्रिल १६८० च्या पत्रांत रक्तातिसार व बारा दिवसांचें आजारपण यांची वार्ता आहे. ‘मआसिर-इ-आलमगिरी’ उष्म्यानें रक्ताची वांति झाल्याचें नमूद करते. विषप्रयोगाचीहि वदंता उठलीच. या साक्षी परस्परांशीं तंतोतंत जुळत नाहींत; परंतु मार्च १६८० मध्यें महाराजांनीं राजारामाची मुंज व विवाह हीं दोन्ही कार्यें रायगडावर उरकलीं, ही गोष्ट लक्षांत घेतली म्हणजे जालन्याच्या लुटीपासून मृत्यूपर्यंत एकच अखंड व्याधि चालली होती असें म्हणतां येत नाहीं. लुटीमागून मृत्यु आला, म्हणून लुटीमुळें आला, हा काकतालीय न्याय होय.

येथवर आमचे बहुतेक वाचक आमच्याशीं सहमत होतील. खरी परीक्षा पुढें आहे. ज्या सभासदावर आम्ही ज्वरासाठीं विसंबलों, तोच महाराजांच्या निधनदिनीं भूकंप झाला, धूमकेतु उगवला, इंद्रधनुष्यांची जोडी दिसली, असे उत्पात वर्णितो. फकिराचा शाप भाकडकथा आणि हे उत्पात मात्र इतिहास, असें म्हणतां येईल काय? येथें ज्योतिःशास्त्र कांहीं साह्य करतें. १६८० चा प्रसिद्ध धूमकेतु, ज्याचा न्यूटननें आपल्या १६८७ च्या ग्रंथांत उपयोग केला, तो जर्मन ज्योतिषी किर्ख यास प्रथम १४ नोव्हेंबर १६८० रोजीं दिसला. म्हणजे निधनानंतर सात महिन्यांनीं. लोकांच्या स्मरणांत तोच मागें सरकून त्या दुःखद दिवसाशीं जडला असावा, असें अनुमान निघतें. परंतु हें अनुमान आहे, सिद्धांत नव्हे. आणि यामुळें सभासद लबाड ठरत नाहीं. शोकाच्या स्मृतीवर काळ कसें कार्य करतो, याचा तो प्रामाणिक साक्षी ठरतो.

आतां दुसरी कथा. याच जिल्ह्यांत घनसावंगी तालुक्यांत जांब हें गांव आहे. शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८ मध्यें, समर्थ रामदासांचा जन्म येथें झाला. सुमारें चोवीस वर्षांनीं ते घरीं परतले तेव्हां पुत्रवियोगानें अंध झालेल्या राणूबाईंच्या नेत्रांस त्यांच्या स्पर्शानें दृष्टि आली, असें सांप्रदायिक चरित्रें सांगतात. हनुमंतस्वामींची बखर समर्थांनंतर शंभराहून अधिक वर्षांनीं झाली. खाफीखान व त्याचा विषय यांमधील काळाचें अंतर आम्हीं मोजलें, तर येथेंहि मोजलें पाहिजे. समर्थांचें जन्मस्थान, त्यांचें घराणें, चाफळचें राममंदिर यांस जो पुरावा लागू तो या प्रसादास लागू होत नाहीं. आणि प्रसादाची कथा लेखानें सिद्ध होत नाहीं म्हणून समर्थांचें चरित्र कल्पित ठरत नाहीं. जालन्यास जें माप लावलें तेंच हें.

यावर कोणी म्हणेल कीं अशानें शास्त्राचा पक्ष दुबळा होतो. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्वर कोठून आला हें वैद्यक सांगेल, धूमकेतु केव्हां उगवला हें गणित सांगेल, कथा प्रथम केव्हां लिहिली गेली हें पोथी सांगेल. प्रार्थनेला फळ असतें कीं नाहीं, हें यांपैकीं एकहि सांगत नाहीं. न सांगितलेल्या गोष्टीवर जो शास्त्राच्या नांवें शिक्का मारतो, तो पक्षपातांत भाविकाच्याहि पुढें जातो. कारण भाविक निदान आपण श्रद्धेनें बोलत आहों हें कबूल करतो.

आमच्या संग्राहक बंधूंस एकच विनंति आहे. चमत्काराचीं पानें ‘निरुपयोगी’ म्हणून बाजूस टाकूं नयेत, व छापतांना तीं गाळूं नयेत. मग तीं फकिराचीं असोत कीं गोसाव्याचीं. पानाचा कागद, अक्षराचें वळण, नकलेचा शक, लिहविणाऱ्याचें नांव हीं जपावीं. शाप खरा कीं खोटा हें तें पान सांगणार नाहीं. पण तो कोणीं, केव्हां व कोणाच्या हितासाठीं सांगितला, हें सांगणारा दुसरा साक्षी आपणांपाशीं नाहीं. तो साक्षी आपल्या पक्षाचा नाहीं म्हणून त्याचें तोंड बंद केलें, तर वाद आपण जिंकूं. सत्य मात्र दोघांच्याहि हातून जाईल.