‘लँडस्लाइड’, ‘भूस्खलन’ आणि ‘दरड’

इंग्रजीतील ‘लँडस्लाइड’ हा सामासिक शब्द भूमी आणि घसरणे या अर्थांच्या दोन साध्या पदांचा बनलेला आहे. तो फार जुना नव्हे. इंग्लंडात त्याआधीपासून ‘लँडस्लिप’ रूढ होता. ‘लँडस्लाइड’ एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत प्रचारात आला आणि त्याच शतकाच्या अखेरीस तेथील निवडणुकांतील एकतर्फी विजयासही लावला जाऊ लागला. हा दुसरा अर्थ मराठीने उचलला नाही. मराठी राजकारणात ‘लाट’ येते. दरड कोसळल्याचा गुलाल कोणी उधळीत नाही.

पहिल्या अर्थासाठी मात्र मराठीत दोन शब्द नांदतात. ‘भूस्खलन’ हा षष्ठी तत्पुरुष असून त्याची दोन्ही पदे इंग्रजी पदांशी तंतोतंत जुळतात. रचना निर्दोष आहे. तथापि ‘स्खलन’ म्हणताच मराठी वाचकास आधी आठवते ते नैतिक स्खलन. ‘स्खलनशील’ माणूस असतो, डोंगर नव्हे. याहून महत्त्वाचा भेद निराळा आहे. ‘लँडस्लाइड’ आणि ‘भूस्खलन’ ही घटनेची नावे होत. घटना घडेपर्यंत बोट दाखवावे असे त्यांच्यापाशी काही नसते. ‘दरड’ हे वस्तूचे नाव आहे. डोंगराची किंवा नदीची तुटलेली, उभी कड ती दरड. कोसळण्यापूर्वीही ती दरडच असते, आणि घाटरस्त्यावर आलेला दगडमातीचा ढीग उपसतात तेव्हाही ‘दरड हटविली’ असेच म्हटले जाते.

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत हा भेद केवळ कोशकारापुरता उरत नाही. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहण व कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी व केवनाळे येथेही दरड कोसळून जीवितहानी झाली. अशा प्रदेशात ‘भूस्खलनाचा संभव आहे’ ही सूचना ऐकणाऱ्याने कोठे पाहावे? ‘घरामागच्या दरडीस भेग पडली आहे’ या वाक्यात स्थळ आहे, चिन्ह आहे, आणि घर सोडावयाचे कारणही आहे. शास्त्रीय लेखनात ‘भूस्खलन’ खुशाल राहावे; इशाऱ्यात त्याचे काम नाही.

प्रशासनाच्या भाषेत ‘दरडग्रस्त’ आणि ‘दरडप्रवण’ हे समास आता रुळले आहेत. देशी पदास संस्कृत पद जोडले म्हणून शुद्धिवाद्यांनी नाक मुरडण्याचे कारण नाही. शब्द लोकांस कळतात. आक्षेप घ्यावयाचा तर ‘दरडप्रवण गाव’ या प्रयोगावर घ्यावा. दरड कोसळते ती गावावरच्या उतारावरून. विशेषण मात्र खालच्या गावास चिकटते, आणि उतार वाक्याबाहेर राहतो. गंमत अशी की, ‘प्रवण’ याचा संस्कृतातील मूळ अर्थच ‘उतरता’ असा आहे.