मराठी संकेतस्थळ: सजावट भरपूर, सोय अपुरी

पिंपरी-चिंचवडचा २०१७ मध्ये स्मार्ट सिटी योजनेत समावेश झाला, तेव्हा क्षेत्राधारित विकासासाठी पिंपळे गुरव आणि पिंपळे सौदागर हा पट्टा निवडला गेला. इथले पदपथ, चौक आणि उद्याने यांवर भरपूर चर्चा झाली. ज्या संकेतस्थळांवर इथला माणूस आता मालमत्ता कर भरतो, सातबारा काढतो किंवा सदनिकेची चौकशी करतो, त्यांच्या रचनेची चर्चा मात्र जवळजवळ होत नाही. पदपथ उखडला तर नागरिक तक्रार करतो. संकेतस्थळावर अडला तर ‘मला यातलं कळत नाही’ असे म्हणत स्वतःलाच दोष देतो आणि पैसे मोजून दुसऱ्याकडून काम करून घेतो. दोष बहुतेक वेळा रचनेचा असतो, आणि तो तपासता येतो. त्यासाठी तीन प्रश्न पुरेत. ज्या कामासाठी माणूस आला ते झाले का? पुढे काय करायचे हे न विचारता कळले का? दिलेल्या माहितीवर विश्वास ठेवता आला का? ब्रँड या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातून उभा राहतो. लोगो ही त्याची फक्त खूण.

चांगले उदाहरण याच शहरात आहे. श्रीकर परदेशी आयुक्त असताना १५ ऑगस्ट २०१३ रोजी महापालिकेने ‘सारथी’ ही मदतसेवा सुरू केली. नाव एका शब्दाचे, मराठी आणि आश्वासक. दूरध्वनी क्रमांक एकदा ऐकला की लक्षात राहणारा. पुस्तिका, संकेतस्थळ आणि मोबाइल अॅप यांतून एकच माहिती, तीही प्रश्नोत्तरांच्या रूपात. कागदपत्रे कोणती, अर्ज कुठे, किती दिवसांत, हे नागरिकाचे प्रश्न त्यात आधी आले. बहुतेक सरकारी संकेतस्थळे खात्यांच्या फलकांप्रमाणे रचलेली असतात. जन्मदाखला हवा असणाऱ्याला आधी तो कोणत्या विभागाकडे मिळतो हे ठाऊक असावे लागते. ‘सारथी’ने हा क्रम उलटा केला. रंगसंगतीपेक्षा या क्रमामुळे ते नाव शहरात रुजले.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. त्याच्या संकेतस्थळावरही जिल्हा, तालुका, गाव, मग गट क्रमांक, असे विचारले जाते. शेतकरी आपली जमीन सांगतो तोच हा क्रम. पानाचे रूप साधे आहे, पण रचनेला कामाची ओळख आहे.

आता भोसरी ते चाकण या औद्योगिक पट्ट्याकडे वळू. एमआयडीसीतल्या असंख्य लहान कारखान्यांची संकेतस्थळे एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसतात. वर सरकणारी चित्रपट्टी, त्यात पिवळे हेल्मेट घातलेला परदेशी अभियंता, खाली ‘व्हिजन’ आणि ‘मिशन’. मोठ्या वाहन कंपनीच्या खरेदी विभागातला माणूस हे वाचायला आलेला नसतो. व्हीएमसी यंत्रे किती, प्रेस किती टनांचा, टॉलरन्स किती राखता, वाहन उद्योगाचे आयएटीएफ १६९४९ प्रमाणपत्र आहे का, ब्लॉक आणि प्लॉट नंबर काय, एवढेच त्याला हवे असते. आपल्याच शॉप फ्लोअरवर दिवसाच्या उजेडात काढलेला, खऱ्या यंत्राचा आणि खऱ्या जॉबचा एक फोटो विकतच्या दहा चित्रांहून जास्त विश्वास देतो. ज्या उद्योजकाने तीस वर्षे अचूकतेवर नाव कमावले, त्याने ओळख मात्र उसन्या चित्रांवर सोपवावी, हे मला खटकते.

बांधकाम क्षेत्रातली पाने याहून त्रासदायक. किंमत पाहण्याआधी मोबाइल क्रमांक मागणारी चौकट उघडते, ती बंद करण्याची फुली शोधावी लागते, आणि ‘शेवटच्या काही सदनिका’ महिनोन्‌महिने शेवटच्याच राहतात. अशी खोटी घाई हा आता केवळ अभिरुचीचा प्रश्न नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरोधी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि १३ फसव्या युक्त्यांची नावे दिली, खोटी घाई त्यांत आहे. उलट, महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पांच्या जाहिरातींत क्यूआर कोड सक्तीचा केला. तो स्कॅन केला की प्रकल्पाची नोंदणीकृत माहिती समोर येते. साध्या काळ्या-पांढऱ्या चौकोनाने ग्राहकाला जे दिले, ते चकचकीत पानांना देता आले नाही: पडताळणी.

मराठी पानांचा सर्वात दुर्लक्षित भाग म्हणजे अक्षर. एके काळी प्रत्येक दैनिकाचा फाँट वेगळा होता. तो उतरवून घेतला नाही तर पानावर अगम्य चिन्हे दिसत. युनिकोडने ती अडचण दूर केली. सुलेखनकार र. कृ. जोशी यांचा ‘मंगल’ विंडोजसोबत घरोघरी पोहोचला. आज ‘एक टाइप’चे मुक्त आणि बालू, ‘इंडियन टाइप फाउंड्री’चे हिंद आणि पॉपिन्स असे उत्तम देवनागरी फाँट मोफत मिळतात. साधने नाहीत, ही सबब उरलेली नाही.

तरीही चुका त्याच त्या. इंग्रजीसाठी बेतलेले ओळींमधले अंतर तसेच ठेवले की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांवर आदळतात. दोन अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेखा तुटते. फाँटमध्ये ठळक वळण नसताना ब्राउझरकडून ठळक करून घेतले की जोडाक्षरांचा काळा ठिपका होतो. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ प्रमाण ठरवला. अनेक फाँटमध्ये ही रूपे असतात आणि पानाची भाषा मराठी आहे एवढी नोंद कोडमध्ये केली की ती उमटू शकतात. त्याच नोंदीमुळे दृष्टिहीनांच्या स्क्रीन रीडरला योग्य उच्चार निवडता येतो. एका ओळीचे हे काम बहुतेक जण करत नाहीत.

सरकारी पानांसाठी नियम २००९ पासून आहेत. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. तरी ‘मराठी’ हे बटण दाबल्यावर वरची यादी तेवढी मराठी होते आणि फॉर्म इंग्रजीतच राहतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. महत्त्वाची सूचना स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये असते. ती सहसा शोधात सापडत नाही, स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. वृत्तसंस्थळांवर वाचायला सुरुवात करावी तर जाहिरात उतरते आणि मजकूर खाली ढकलला जातो. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, हा गूगलचा निकष आहे. कार्यालयातल्या वेगवान संगणकावर पास झालेले पान कंपनीच्या बसमध्ये, साध्या फोनवर, एका हाताने उघडून पाहिले तरच त्याची खरी परीक्षा होते.

या सगळ्याचा निष्कर्ष स्पष्ट आहे. आपल्याकडे कुशल प्रोग्रॅमर आहेत, चांगले फाँट आहेत, नियमही आहेत. उणीव आहे ती क्रमाची. आधी टेम्प्लेट, मग रंग, मग इंग्रजी मजकूर आणि अखेरीस घाईने केलेले भाषांतर, या क्रमाने मराठी वाचक नेहमी शेवटी येतो. उद्योजकांनी आणि अधिकाऱ्यांनी डिझायनरला काम देताना मजकूर आधी मराठीत लिहून द्यावा. पान तयार झाले की ते कधीच न पाहिलेल्या माणसाच्या हातात द्यावे, शेजारी गप्प बसावे आणि तो कुठे थांबतो ते लिहून घ्यावे. तो थांबेल ती प्रत्येक जागा दुरुस्त केल्याशिवाय संकेतस्थळाचे उद्घाटन करू नये.