नकलेत हरवलेले निळूभाऊ

आमच्या शहादे तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीच्या उत्सवमंचावर काय किंवा मुंबईच्या दूरचित्रवाणीवर काय, निळू फुले यांची नक्कल घोगरा खर्ज, तिरपी मान आणि बायकांना वाड्यावर बोलावणारा लंपट पाटील एवढ्यावरच आटोपते, आणि तिला टाळ्या पडतात, तेव्हा चरित्र-अभिनयाविषयीच्या आपल्या रसिकतेला केवढी अवकळा आली आहे, या विचाराने मन विषण्ण होते. संवादफेकीच्या घराण्यांविषयी लिहिण्याजोगे आता काही उरलेले नाही. मिशी आणि उसनी बोली चिकटवून ग्रामीण पात्र उभे करणाऱ्यांविषयी तर मुळीच नाही.

पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारा, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वाढलेला हा नट ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने गाजला आणि 1968 च्या ‘एक गाव बारा भानगडी’तील झेलेअण्णाने घरोघर पोचला. परंतु त्याचे खरे सामर्थ्य पाहायचे ते 1975 च्या बर्लिन महोत्सवात गेलेल्या ‘सामना’त. साखर कारखान्याचा सर्वेसर्वा हिंदुराव धोंडे पाटील दारुड्या मास्तरला घरी आणतो, त्याच्या खाण्यापिण्याची तजवीज करतो, आणि या सगळ्या आतिथ्यात फुले आवाज चढवत नाहीत. दरडावण्याची गरजच न उरलेल्या माणसाचा संथपणा ते शब्दांत, नजरेत आणि बसण्यात मुरवतात. नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचा विषय मास्तर पुन्हा पुन्हा काढू लागला की हिंदुरावाच्या आर्जवात किंचित थांबा येतो, आणि त्या थांब्यात तालुक्याचे सारे दफ्तर, फौजदारापासून सोसायटीपर्यंतचा सगळा बंदोबस्त, आपल्याला दिसू लागतो. ज्या शहादे तालुक्यात 1972 च्या सुमारास अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांनी आदिवासींच्या बळकावलेल्या जमिनींचा प्रश्न धसाला लावला, तिथल्या प्रेक्षकाला ही सत्ता कुणी समजावून द्यावी लागत नाही. हिंदुरावाला निव्वळ लंपट ठरवणे म्हणजे जमिनीची फिर्याद चारित्र्याच्या कज्जात वर्ग करणे होय, आणि आजचे नकलाकार नेमके तेच करतात.

आवाज हीच या नटाची पुंजी होती, असे जे सांगतात ते 1972 चा ‘सखाराम बाइंडर’ कसे विसरले? दिग्दर्शक कमलाकर सारंगांना न्यायालयात लढून मोकळे करावे लागलेले ते नाटक केवळ खर्जावर उभे राहिले नसते. सखारामाची दांडगाई आणि त्याची लाचारी एकाच देहात वागवणारा नट त्याला हवा होता. ‘सारांश’मधला गजानन चित्रे पाहा, हिंदीने त्यांना दिलेल्या थोड्या संधींतली ती एक.

दुष्ट माणूस रंगवायला दुष्टपणाचा अभ्यास पुरतो, हा समजच मला अमान्य आहे. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. श्रीराम लागूंसमवेत वणवण करणाऱ्या माणसाला सरंजामदार इतका आतून कळला, कारण त्याने त्याला खालून, राबणाऱ्याच्या बाजूने पाहिले होते. ही बाजू नटाने घेतलेली नसेल तर कितीही शिबिरे केली तरी अभिनयात वेशभूषेपलीकडे काही येत नाही. ज्यांना निळूभाऊंची नक्कल करायचीच असेल, त्यांनी ‘सिंहासन’मधला पत्रकार दिगू टिपणीस करून दाखवावा: सगळ्यांचे ऐकून घेणारा, सगळे उमगलेला आणि अखेरीस भर रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटलेला. तिथे उचलायला एकही लकब सापडणार नाही.