यंत्रवाचकासाठीं लिहिलेलें गद्य

परीक्षणाच्या पानांत हा विषय पाहून वाचक चकित होतील; परंतु ज्या गद्यावर व्यापाराचे निर्णय ठरूं लागले आहेत, तें टीकेच्या कक्षेबाहेर कां ठेवावें? कृत्रिम बुद्धीच्या 'एजंट'ला विक्रीचे आंकडे आणून देणाऱ्या एपीआय-साधनाची ओळख बहुधा चार ओळींच्या वर्णनांतूनच होते. अँथ्रॉपिक कंपनीनें नोव्हेंबर २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल'मध्यें साधनाचें नांव, वर्णन व मागणीचा आराखडा यांस जागा आहे. आराखडा यंत्रानें तपासतां येतो. वर्णनाची भिस्त मात्र सर्वस्वीं लेखकाच्या भाषेवर, आणि ती आम्हांस बहुधा आळशी आढळते. 'तिमाहीचें उत्पन्न देतें' एवढेंच लिहिलें, तर जानेवारी ते मार्च ही तिमाही पहिली कीं चौथी? इंग्रजी वर्षानें पहिली, आपल्या एप्रिलपासूनच्या हिशेबी वर्षानें चौथी! परत आलेला माल वजा केला काय? कर धरला काय? कारकून शेजारच्या मेजाशीं जाऊन विचारील. हा वाचक पुष्कळदां न विचारतांच एक अर्थ गृहीत धरतो व आंकडा मोठ्या आत्मविश्वासानें पुढें ठेवतो. तो चुकीचा दिसतहि नाहीं. दुकान बंद म्हणून विक्री शून्य, कीं नोंदच पोंचली नाहीं म्हणून शून्य, हा भेद सांगणारें वर्णन तर आम्हांस क्वचितच आढळलें.