फाइल सिस्टिमचे वकील

२०२५ सालच्या अखेरीस लिनक्सच्या ६.१८ या आवृत्तीतून बीकॅशएफएस ही फाइल सिस्टिम वगळण्यात आली, आणि त्यावर जे वादंग माजले ते वाचून कोणाचाही असा ग्रह व्हावा की हा सारा प्रकार दोन हट्टी माणसांच्या स्वभावाचा होता. केवळ दोषदुरुस्तीला मुभा असलेल्या चाचणीपर्वात तिचे कर्ते केंट ओव्हरस्ट्रीट यांनी गमावलेली माहिती परत मिळवण्याची नवी सोय धाडली. लिनस टॉरवाल्ड्स यांनी ती स्वीकारली, परंतु स्वीकारतानाच फारकतीची सूचना दिली. आणि उभय पक्षांच्या अनुयायांनी शिष्टाचार व हेकेखोरपणा यांवर रकानेच्या रकाने भरले. यंत्र मध्येच बंद पडल्यास फाइल सिस्टिम वापरणाऱ्याला नेमके कोणते वचन देते, आणि ते मोडल्यास जाब कोणाला विचारायचा, या मूळ प्रश्नाला माझ्या वाचनात आलेल्या चर्चेत कोणी हातही घातला नाही. हे मौन मला त्या भांडणापेक्षा अधिक उद्वेगजनक वाटले. प्रस्तुत लेखाचे निमित्त तेच.

या कलेतील टप्पे वाचकाला ठाऊकच आहेत. एफएससीके चालवून अख्खी डिस्क तपासत ताटकळण्याचे दिवस, सी. मोहन आणि सहकाऱ्यांचा १९९२ चा एरीझ, पुण्यातील विकासकेंद्रामुळे आपल्याकडील कित्येक अभियंत्यांच्या परिचयाची झालेली व्हेरिटासची व्हीएक्सएफएस, स्टीफन ट्वीडी यांनी १९९८ साली मांडलेली आणि २००१ मध्ये लिनक्सच्या मूळ प्रवाहात आलेली एक्स्ट-थ्री, यांची उजळणी करण्याचे प्रयोजन नाही. सॉफ्ट अपडेट्स हा बुद्धीचा विलास होता आणि बहुतांशी विलासच राहिला, फ्रीबीएसडीलाही ९.० या आवृत्तीत अखेर त्याच्या जोडीला जर्नल द्यावा लागला. लॉग-स्ट्रक्चर्ड संप्रदायाने एसएसडीच्या पोटात आश्रय घेतला आहे, आणि तो तिथेच शोभतो. एमआयटीच्या २०१५ च्या एफएससीक्यूने गणिती सिद्धतेचा मोठा दबदबा निर्माण केला, परंतु तीनच वर्षांत टेक्सासच्या क्रॅशमंकी या चाचणीसाधनाने त्या सिद्ध इमारतीतही एक दोष काढून दाखवला. सिद्धतेच्या कक्षेबाहेर राहिलेल्या भागात तो होता हे खरे असले, तरी माहिती गमावणाऱ्याला त्या कक्षेच्या सीमारेषेशी काय कर्तव्य?

झेडएफएसविषयी मात्र दोन वाक्ये अधिक खर्चणे भाग आहे. जिवंत मजकुरावर कधीच न लिहिण्याचा तिचा बाणा आणि प्रत्येक ब्लॉकची चेकसम त्याच्या पालक-ब्लॉकपाशी ठेवण्याची तिची पद्धत यांची स्तुती सर्वत्र होते; परंतु तिचा खरा गुण असा, की वीज गेल्यास डिस्क शेवटच्या पूर्ण झालेल्या व्यवहारगटापाशी येऊन थांबते. त्यानंतरचे काही सेकंद जातात. उरलेल्याचा क्रम मात्र अबाधित राहतो. या एका गुणाचे महत्त्व जाणणारे समीक्षक थोडे.

काही वर्षांपूर्वी कराड तालुक्यातील एका पतसंस्थेत मला सकाळी सकाळी बोलावणे आले होते. यूपीएसची बॅटरी केव्हाच निकामी झालेली, आणि आदल्या संध्याकाळी दिवसाचा हिशेब मिटवतानाच वीज गेलेली. यंत्र निमूटपणे सुरू झाले, जर्नल पुन्हा चालवल्याची ओळ पडद्यावर उमटली, फाइल सिस्टिम निर्दोष असल्याचा निर्वाळा मिळाला. आणि खात्यांची सूची असलेली फाइल पाहावी तर तिच्या नावापुढे आकार शून्य. नाव बरोबर, तारीख बरोबर, परवानग्या बरोबर, आत मात्र काही नाही. व्यवस्थापक म्हणाले, "साहेब, मशीन तर ओके म्हणतंय, मग खाती गेली कुठं?" प्रोग्रॅम पुरवणाऱ्याने लिनक्सकडे बोट दाखवले, लिनक्स जाणणाऱ्यांनी प्रोग्रॅमकडे, कारण त्याने जुन्या फाइलच्या जागी नवी फाइल ठेवताना एफसिंकची, म्हणजे मजकूर डिस्कवर पक्का उतरवून घेण्याची, हाक दिली नव्हती. कायद्याने पाहता दोघांचेही म्हणणे खोडून काढता येत नव्हते, आणि खाती स्थळप्रतींवरून पुन्हा चढवावी लागली.

ज्याला महसुली दप्तराची ओळख आहे त्याला या अनर्थाचे स्वरूप सहज उमगेल. जमिनीचा व्यवहार झाला म्हणून तलाठी थेट सातबाऱ्यावर लेखणी चालवीत नाही. आधी गाव नमुना सहामध्ये फेरफाराची नोंद होते, हितसंबंधितांना नोटीस जाते, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि त्यानंतरच सातबाऱ्याला हात लागतो. मध्ये काहीही विघ्न आले तरी फेरफाराची वही पाहून काम पुढे नेता येते. जर्नल म्हणजे हीच वही. पण एक्स्ट-फोरने विलंबित वाटपाची युक्ती स्वीकारली तेव्हा असे घडू लागले, की खरेदीखत दप्तरी दाखल होण्यापूर्वीच फेरफार मंजूर व्हावा: जुन्या खातेदाराचे नाव कमी झालेले, नव्याचे लागलेले नाही, आणि वही मात्र यथासांग. फाइलचे नाव बदलल्याची नोंद जर्नलात पक्की होई आणि तिच्यातील मजकूर मेमरीतच रेंगाळे. तेवढ्या अवधीत वीज गेली की जुनेही गेले आणि नवेही आले नाही. २००९ साली यावरून मोठी ओरड झाली. एक्स्ट-फोरचे कर्ते थिओडोर त्सो यांनी पॉझिक्स या प्रमाणकाच्या सनदेत अशी हमी कोठेही नाही हे दाखवून दिले, ते अक्षरशः खरे होते; आणि मग २.६.३० या आवृत्तीत अशा फाइलींसाठी खास बंदोबस्तही केला, तो त्याहून शहाणपणाचा होता. खेद एवढाच, की बंदोबस्त झाला तरी त्यामागची वकिली टिकून राहिली.

या वकिलीला खरे उत्तर दिले ते विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मंडळींनी, आणि गेल्या दोन दशकांत या कलेत जे काही मौलिक घडले त्याचा मोठा वाटा मी त्यांच्या पदरी घालतो. थनुमलयन पिल्लई आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली फाइल सिस्टिम काय सांगते हे विचारण्याऐवजी प्रोग्रॅम तिच्यावर कोणता भरवसा टाकून बसले आहेत हे तपासले. नामांकित ११ प्रोग्रॅममध्ये त्यांना ६० छिद्रे आढळली, आणि त्यांच्या यादीत गिट होते, पोस्टग्रेस होते, एसक्यूलाइटही होते. ज्या कराराचे कलम जगातील निष्णात कारागिरांनाही नीट वाचता येत नाही तो करार सदोष आहे, हे कबूल करायला आणखी कोणता पुरावा हवा? त्याआधी २०१३ साली विजय चिदंबरम आणि सहकाऱ्यांनी ऑप्टएफएसमध्ये रोगाचे मूळच दाखवले होते. प्रोग्रॅमला बहुतेक वेळा एवढेच हवे असते की 'हे आधी, ते नंतर'. आणि आपण त्याला सांगतो की क्रम हवा असेल तर तात्काळ टिकाऊपणाही विकत घे, डिस्कची संपूर्ण कॅशे रिकामी होईपर्यंत उभा राहा. क्रम आणि टिकाऊपणा ही दोन भिन्न मूल्ये एकाच एफसिंकमध्ये कोंबल्यामुळे प्रामाणिक प्रोग्रॅम मंद होतो, आणि मंदपणाला कंटाळून तो एफसिंक गाळतो. त्या मंडळींनी दोन निराळ्या हाका दिल्या, एक निव्वळ क्रमाची आणि दुसरी टिकाऊपणाचीही. वेग काही प्रसंगी दहा पटींपर्यंत वाढला. २०१८ मध्ये कोरियन संशोधकांच्या बॅरिअरएफएसने हाच विचार फ्लॅशपर्यंत नेला. इतके होऊनही लिनक्सच्या मूळ प्रवाहात सर्वसाधारण प्रोग्रॅमला वापरता येईल अशी क्रमाची हाक आजही नाही! अलीकडे ६.१३ पासून एक्स्ट-फोर व एक्सएफएस यांत अविभाज्य लेखनाची सोय आली, तिचे मी मनापासून स्वागत करतो; परंतु ती मुख्यतः बड्या डेटाबेसची निकड भागवते, पतसंस्थेच्या प्रोग्रॅमला तिचा उपयोग जुजबीच.

आणि एफसिंकची हाक दिली तरी उत्तर खरे मिळेल याची शाश्वती होती काय? २०१८ साली पोस्टग्रेसच्या कर्त्यांना कळून चुकले की लेखन फसल्याचे लिनक्स एकदाच सांगते, ती पाने जणू लिहिली गेलीच अशी खूण करते, आणि पुन्हा विचारल्यास सर्व ठीक असल्याचे उत्तर देते. ज्या डेटाबेसने सुमारे वीस वर्षे या उत्तरावर विसंबून काम केले त्याला अखेर असा निर्णय घ्यावा लागला, की एफसिंक फसला तर सरळ कोसळायचे आणि लॉगवरून पुन्हा उभे राहायचे. तेव्हाही वकील हजर होतेच: सनदेत दुसऱ्या हाकेविषयी काही लिहिलेले नाही!

मला या वकिलांना एवढेच विचारायचे आहे, की सनद कोणासाठी लिहिली जाते. ज्या सातारा जिल्ह्यात १,९६० मेगावॉट क्षमतेच्या कोयना प्रकल्पाचे धरण उभे आहे त्याच जिल्ह्यातील गावांनी वर्षानुवर्षे भारनियमन सोसले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या पेठांत शिरले तेव्हा यंत्रे शिस्तीने बंद करायला कोणाला उसंत होती? वीज जाणे हा येथे अपवाद नाही, तो कामकाजाचा भाग आहे. आणि तरीही फाइल सिस्टिमची गुणवत्ता आपण सेकंदाला किती लेखने झाली या तक्त्यांवरून ठरवतो, जणू अखंड वीज आणि जनरेटर हे निसर्गानेच दिले आहेत. वेगाचे तक्ते छापणे सोपे, कारण त्यांत कोणी खोटा ठरत नाही.

म्हणून माझे म्हणणे आता समीक्षेपुरते उरत नाही. सांगलीच्या वालचंद महाविद्यालयात किंवा साताऱ्याच्या कर्मवीरांच्या नावाच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जर्नलची व्याख्या पाठ करून घेण्याऐवजी लिनक्समध्येच २०१५ पासून उपलब्ध असलेले डीएम-लॉग-राइट्स विद्यार्थ्यांच्या हाती द्यावे, म्हणजे प्रत्येक लेखनानंतर वीज गेली असती तर डिस्कवर काय उरले असते हे त्यांना डोळ्यांनी पाहता येईल. पतसंस्था, बाजार समित्या आणि सरकारी कचेऱ्या यांनी आपल्या निविदांत एक कलम घालावे: मध्येच वीज तोडून घेतलेल्या चाचणीचा अहवाल जोडल्याखेरीज देयक मंजूर होणार नाही. ज्या दिवशी पैसे अडतील त्या दिवशी पुरवठादार लिनक्सकडे क्रमाची मागणी करतील, आणि पॉझिक्सच्या मौनाचे दाखले देणाऱ्यांना प्रथमच अशील मिळेनासा होईल.